कामाच्या कडेनं

"तुम्ही बसा ना मॅडम, आम्ही आहोत."

मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. अंगात जांभळा कुर्ता, कानात वायर, हातात अक्षतांच्या पुड्यांनी भरलेलं तबक. मुहूर्त जवळ आला होता, लोक घोळक्यानं आत येत होते. त्याच्या एकट्याच्या हातून सगळ्या रांगांना अक्षता वेळेत पोचणार नाहीत असं वाटून मी तबकाची एक कड धरली होती. त्यानं ती इतक्या अदबीनं सोडवून घेतली की राग यायलाही जागा नव्हती. मी खुर्चीवर येऊन बसले. शेजारी आत्या होती, ऐंशीला टेकलेली, हिरव्या काठांचं इरकल नेसलेली. मसालेभाताचा वास जिकडून येत होता तिकडे ती आधीच एकदा जाऊन आली होती. तिलाही कुणीतरी हाताला धरून असंच परत आणून बसवलं होतं. समोर पाण्याचे बारीक फवारे उडवणारा मोठा पंखा फिरत होता. आत्याचे दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून ठेवलेले. वाती वळणारे, भाजी निवडणारे, कुणाच्या तरी पोराचं नाक पुसणारे हे हात. ते नुसते पडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

लग्न चुलत बहिणीच्या मुलीचं, पुण्याबाहेरच्या एका लॉनवर. नाव ठेवायला कुठेही जागा नव्हती. आल्याबरोबर वाळा घातलेलं थंडगार पन्हं मिळालं, चपला ठेवायलासुद्धा माणूस होता. मुहूर्त मिनिटभरही चुकला नाही, आणि मोठ्या पडद्यावर मुलीच्या मुंडावळ्यांचा एकेक मोती दिसत होता. बहीण नऊवारी नेसून, नथ घालून, शांतपणे मांडवात बसली होती. घरच्या लग्नात मुलीची आई घामाघूम न होता बसलेली आहे, हे दृश्य मला मनापासून आवडलं. तिच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता. तिनं लेकीकडे डोळे भरून पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते त्या जांभळ्या कुर्त्यावाल्या मुलाविरुद्ध नाही आणि बहिणीविरुद्ध तर मुळीच नाही.

माझ्या आईनं तिच्या हयातीत आमच्या भाऊबंदांतल्या बहुतेक लग्नांत कोठी सांभाळली. कार्यालयाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली असायची. तिथे तुपाचे डबे, साखरेची पोती, नारळ, सुपाऱ्या, विड्याची पानं, केळीच्या पानांचे भारे. किल्ली आईच्या कमरेला. आचाऱ्याचा माणूस येऊन "वहिनी, बेसन" म्हणाला की ती मापानं काढून द्यायची आणि मागच्या वेळी किती दिलं ते तिला तोंडपाठ असायचं. कुणाचा आहेर कुठल्या पिशवीत आहे, कुठल्या काकांना वेगळं बोलावणं गेलं नाही तर ते पंगतीला बसणार नाहीत, कुणाच्या सासूला मधुमेह आहे म्हणून जिलबीऐवजी काय वाढायचं, हे सगळं त्या खोलीत ठरे. मोठ्या मानाची जागा होती ती. पण माझ्या आईनं कुठल्याही लग्नातली मंगलाष्टकं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली असतील असं मला वाटत नाही. जुने अल्बम काढले तर ती जवळजवळ कुठेच सापडत नाही. एखाद्या शेवटच्या सामुदायिक फोटोत, कडेला, पदर खोचलेला, आत्ताच कुणीतरी हाक मारून आणलेली. बायकांच्या त्या राबण्याचे गोडवे गायला माझी जीभ वळत नाही. ज्या दिवशी ते काम पैसे घेऊन करणाऱ्यांकडे गेलं, त्या दिवशी बऱ्याच जणींची सुटका झाली.

तरीही आत्याचे ते हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

पूर्वी लग्नाची सुरुवात लग्नाच्या कितीतरी आधी व्हायची. चांगला दिवस बघून मुहूर्त करायचा, म्हणजे पाच सवाष्णींनी मिळून जात्यावर हळकुंडं दळायची, मुहूर्ताचे चार सांडगे घालायचे, चार पापड लाटायचे. त्या निमित्तानं जी बैठक जमायची ती मग मोडायचीच नाही. शेवया, कुरडया, रुखवताचे लाडू, पाच फळांच्या टोपल्या, कापसाची वस्त्रं. कुणाच्या ना कुणाच्या घरी दुपारी बायका जमलेल्या आणि आम्ही पोरी पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाण्यासाठी घुटमळत असायचो. लाटी तोंडात टाकली की पापडखाराची चव जिभेवर रेंगाळायची. तिथे मी माणसं ओळखायला शिकले. धाकटी काकू फार बोलत नाही पण तिचा पापड सगळ्यांत पातळ होतो. मामी हसते खूप, पण तिच्या माहेराबद्दल कुणी विचारलं की पोळपाट जोरात आपटतो. या गोष्टी मला कुणी सांगितल्या नाहीत. मी तिथे होते, म्हणून कळल्या. यंदाच्या लग्नात रुखवत तयार आलं होतं, काचेच्या कपाटात मांडलेलं, सुरेख. सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. नंतर आम्ही बहिणी गोल करून बसलो आणि थोड्याच वेळात बोलणं संपलं. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, उकडतंय फार. एकमेकींवर प्रेम असलेल्या बायका आम्ही, आणि समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसून काय करायचं ते आम्हाला सुचेना.

हे मला इतकं लागलं त्याला कारण होतं. त्याच्या थोडंच आधी मी जळगावला जाऊन आले होते.

जळगावची मैत्रीण माझी हॉस्टेलपासूनची. आखाजीला ये, असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तिचं मोल तिकडे दिवाळीइतकं. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागरही भरतात. यंदा, म्हणजे २०२५ साली, आखाजी ३० एप्रिलला होती. महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्री निघाले आणि सकाळी जळगावला उतरले, तर फलाटावरच कोवळ्या उन्हाचे चटके बसायला लागले. दुपारी पारा ४३-४४ पर्यंत चढायचा. घराच्या खिडक्यांना ओले पडदे, कूलरच्या गवताचा ओला वास, दारात मातीचा रांजण. मैत्रिणीचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मधल्या काळात आमचं फोनवर बोलणं व्हायचं. "कशी आहेस?" "बरी आहे." "झोप लागते का?" "लागते." दोघींनाही एकमेकींची काळजी, आणि दोघींनाही त्या प्रश्नोत्तरांपलीकडे जाता येत नव्हतं.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. "चल, चीक शिजवायचाय." कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत होता, रोज पाणी बदलून. आदल्या दिवशी तो वाटून, गाळून ठेवला होता आणि रात्रभरात पांढराशुभ्र चीक तळाला बसला होता. वरची निवळी ओतून दिली की खाली घट्ट, चकचकीत थर उरतो. आधणात हिंग-मीठ घालून तो ओतायचा आणि मग हात थांबवायचा नाही. हात थांबला की गाठी झाल्याच. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं लाकडी चाटूनं घोटायचं. दुधाळ चीक हळूहळू काचेसारखा पारदर्शक होत जातो, चाटू जड होतो, खांदे भरून येतात. झाकण ठेवून वाफ आणली की घरभर आंबूस, गोडसर, ओल्या गव्हाचा वास. मग ऊन चढायच्या आत गच्चीवर. धुतलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या अंथरलेल्या. सोऱ्यात गरम चीक भरायचा, एकीनं भरून द्यायचा, दुसरीनं दाबून गोल फिरवायचा. भोवतालच्या गच्च्यांवरही बायका वाकलेल्या दिसत होत्या. आकाश राखाडीवरून गुलाबी होत होतं. हात पोळत होते.

"त्याच्यामागे केल्याच नव्हत्या मी कुरडया," ती म्हणाली. मान वर न करता. "त्याला गरम चीक आवडायचा. दूध-साखर घालून."

मी सोऱ्या भरून दिला.

"पहिले काही महिने मला त्याचा रागच यायचा गं. सगळे म्हणायचे, रड, मोकळी हो. मला रडू येतच नव्हतं. राग यायचा. मला न सांगता गेला म्हणून. हे कुणाला सांगणार?"

एक कुरडई, दुसरी कुरडई. ती बोलत राहिली, मी चीक भरत राहिले. शेवटच्या रात्रीबद्दल, दवाखान्याच्या जिन्याबद्दल, नंतर त्याच्या चपला कुठे ठेवायच्या ते न कळल्याबद्दल. त्या बोलण्यात मधे मधे "आता धर", "जरा पाण्याचा हात लाव", "ही तुटली, राहू दे" असं चालू होतं. आम्ही बैठकीच्या खोलीत सोफ्यावर समोरासमोर बसलो असतो तर मी नक्की काहीतरी समजुतीचं बोलले असते. तिचा हात हातात घेतला असता, आणि तिचं बोलणं तिथेच थांबलं असतं. गच्चीवर माझे दोन्ही हात चिकानं भरलेले होते. तिच्याकडे बघायलाही फुरसत नव्हती. त्या न बघण्यानंच तिला वाट करून दिली असावी. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा सगळ्या पट्ट्या भरल्या होत्या. तळाशी उरलेला चीक आम्ही दोघींनी दूध-साखर घालून खाल्ला.

आखाजीच्या दिवशी तिच्या जावेनं खापरावर मांडे केले. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर अशी काही नाचवत नाचवत मोठी करायची की ती कोपरापर्यंत येते, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायची. जाऊ तरुण आहे, शाळेत शिकवते, पण हे तिनं सासूकडून हट्टानं शिकून घेतलंय. मांडा, आमरस, कटाची आमटी. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून त्याची पूजा झाली. संध्याकाळी पोर्चच्या छताच्या कडीला टांगलेल्या झोक्यावर मैत्रीण बसली. मी मागून झोका दिला. आम्ही पन्नाशीच्या बायका, आणि शेजारच्या पोरी टाळ्या वाजवत होत्या.

जळगावहून परतले आणि लगेच ते पुण्यातलं लग्न. म्हणून कदाचित ते "तुम्ही बसा" जास्त जिव्हारी लागलं.

मे महिना पुढे सरकला तो वेगळ्याच ताणाखाली. २२ एप्रिलला पहलगाममध्ये जे घडलं त्यात आपल्याकडचीही माणसं गेली, डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याची. नणंदेच्या घरच्यांनी मेच्या अखेरीस काश्मीरला जायचं ठरवलं होतं, ते अर्थातच रद्द झालं. मग सीमेवरचे ते चार दिवस आले, घराघरांत रात्री उशिरापर्यंत बातम्या चालू. सहलीला जावं की नाही याबद्दलच मन धजावत नव्हतं. शेवटी नवऱ्यानं ठरवलं की सगळ्यांनी मिळून गावाला जायचं, कणकवलीजवळ काकीकडे, आणि वाटेत कागल तालुक्यातलं त्याच्या मित्राच्या मुलाचं लग्न करायचं. रेल्वेची तिकिटं मिळणं शक्य नव्हतं. हल्ली आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या तर बघता बघता भरतात. दोन गाड्या काढल्या.

कागलकडचं ते लग्न गोरज मुहूर्तावर होतं. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, भावकीनं आदल्या दिवशी पाडलेली बुंदी, वांग्या-बटाट्याची भाजी, भात, आमटी. आम्ही पोचलो तेव्हा दक्षिणेकडून आभाळ भरून आलं होतं. यंदाचा मे असाच होता, अख्खा महिना वळवानं झोडपलेला. अक्षता पडायला अर्धा तास असताना पावसानं गाठलं. पाऊस म्हणजे सरळ, जाड, थांबायचं नाव न घेणारा. मांडवाच्या ताडपत्रीला पाण्याचे फुगे आले, पोरं बांबूनं खालून ढोसून ते रिकामे करू लागली आणि दर वेळी कुणीतरी नखशिखांत भिजत होतं. कुणीतरी ओरडलं, "शाळंत चला!" शाळेचा व्हरांडा हाकेच्या अंतरावर होता. पुढच्या पाचच मिनिटांत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एका अनोळखी बाईनं बुंदीची परात माझ्या हातात कोंबली, वरून प्लॅस्टिक टाकलं आणि म्हणाली, "वैनी, ह्ये धरा. शाळंत पोचवा."

मी चिखलातून, नवी पैठणी पोटऱ्यांपर्यंत वर धरून, परात सांभाळत निघाले. माझ्यापुढे भाताचं पातेलं घेऊन दोघे जण, त्यातला एक नवरीकडचा ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर होता हे नंतर कळलं. नवरदेवाच्या डोक्यावर चुलत्यानं पोत्याची खोळ धरलेली. वर्गातले बाक बाहेर काढले, फळ्यावर सुट्टीआधीचं गणित होतं तसंच राहिलं, आणि त्या फळ्यासमोर अंतरपाट धरला गेला. भटजींचा आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडत होता. सगळेच मंगलाष्टकं म्हणायला लागले, जमेल त्या चालीत. नंतर व्हरांड्यात पंगत बसली. मी वाढलं. नणंदेनं वाढलं. माझा नवरा, जो घरी पाण्याचा तांब्या भरून घेतो तोही मोठ्या कौतुकानं, तो आमटीची बादली घेऊन वाकून वाकून वाढत होता आणि म्हातारी माणसं त्याला "ए पावणं, हिकडं" म्हणून हाका मारत होती. निघताना नवऱ्या मुलाच्या आईनं मला मिठी मारली. तोवर आमची ओळख जेमतेम दोन वाक्यांची होती. तिला माझं नाव माहीत नव्हतं बहुतेक. पण मी बुंदी वाचवली हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाटानं खाली उतरलो. दाजीपूरच्या जंगलात झाडं आत्ताच धुऊन निघाल्यासारखी दिसत होती, मे महिन्यात! घाटात करवंदं घेऊन बसणाऱ्या बायकांनी डोक्यावर प्लॅस्टिक ओढलेलं. काकीच्या खळ्यात गाड्या लागल्या तेव्हा ती पडवीत रातांब्यांच्या ढिगाऱ्यापुढे बसली होती. "इलास?" एवढंच म्हणाली. पाणी दिलं, गूळ दिला. आणि मला, "साडी बदल, तेल लाव हाताक आणि ह्यो फणस फोडूक घे." प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. मला इतकं बरं वाटलं.

पण घरात चिंता होती. २५ मेला मोसमी पाऊस कोकणात उतरला आणि २६ ला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची तोवर नोंदच नव्हती, एरवी त्याची तारीख ११ जून. बातमीत हे सगळं विक्रम म्हणून सांगत होते. काकीच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता. झाडावर शेवटचा आंबा अजून बाकी होता, जो कॅनिंगला घालून खताचे पैसे फिटतात. तो डागाळला, गळला. रातांबे काढून आणले पण सोलं वाळवायची कुठे? रातांबा फोडायचा, बी काढायची, साल मिठात घालायची, सुटलेल्या आगळात ती पुन्हा पुन्हा बुडवायची आणि दर वेळी कडक उन्हात वाळवायची, तेव्हा ते काळंभोर, लवचीक, वर्षभर टिकणारं आमसूल होतं. उन्हाशिवाय त्यातलं काहीच होत नाही. लाकडं भिजलेली. कौलं चाळायची राहिली होती. काका खळ्याच्या कडेला उभा राहून आभाळाकडे बघायचा आणि आत यायचा. आम्ही सहलीला आलो होतो आणि ते त्यांचं वर्ष वाचवत होते.

काकीनं ते कधी बोलून दाखवलं नाही. तिनं आम्हाला कामाला लावलं. फणस कापा होता, गरे खुसखुशीत. हाताला तेल लावूनही बोटं चिकटत होती आणि त्या वासानं पडवी भरली होती. मुलांपुढे रातांब्यांच्या टोपल्या. थोड्याच वेळात सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. आमसुलासाठी वाळण नाही तर निदान आगळ तरी काढून ठेवू, असा तिचा हिशोब होता. काही सालं तिनं चुलीच्या वरच्या बाजूला सुपात पसरली, धुराची चव लागेल हे माहीत असून.

नणंदेचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. महिनाभर तो कुणाशी धड बोलला नव्हता. नणंद म्हणायची, वयच तसं आहे, फोनमधून डोकं निघत नाही. तो एका कोपऱ्यात बसून रातांबे फोडत होता, अगदी मन लावून, बी एकीकडे, साल एकीकडे. बाहेर पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी गळत होता. अचानक, कुणालाच उद्देशून नाही असं, तो म्हणाला, "आपण एप्रिलचं बुकिंग केलं असतं तर?"

कुणीच काही बोललं नाही. नणंदेचा हात थांबला.

"मी त्या मैदानाचे व्हिडिओ बघून ठेवले होते. आपण तिथेच जाणार होतो. मला रोज रात्री वाटतं."

मी तोंड उघडणार होते. काकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प राहिले. तिनं आपल्या पुढची टोपली त्याच्याकडे सरकवली, स्वतःही त्याच्या शेजारी सरकली आणि म्हणाली, "फोड तू. जपान फोड, रस उडता अंगार." आणि तो फोडत राहिला. मग बोलत राहिला. नावं त्याला पाठ होती. कोण कुठला, कुणाबरोबर कोण होतं. एवढं सगळं त्या पोरानं मनात धरून ठेवलं होतं आणि आम्ही सगळे त्याच्याच घरात, त्याच्याच आसपास होतो. संध्याकाळी त्यानं काकीला विहिरीवरून पाणी आणून दिलं, न सांगता. रात्री घावणे आणि नारळाचा रस खाऊन तो पडवीतच झोपला. नणंद उशिरापर्यंत त्याच्या उशाशी बसून होती, उरलेले गरे साफ करत.

परत आल्यावर मी नवऱ्याशी यावर बरंच भांडले म्हणा, चर्चा केली म्हणा. तो म्हणतो, तू तुझ्या आईचं कोठीघर विसरलीस. विसरले नाही. कागलच्या त्या लग्नात तोही वाढत होता आणि ड्रायव्हरही पातेलं उचलत होता, आणि आईच्या वेळी पुरुष मंडळी बाहेर खुर्च्या टाकून पानं लावत बसायची, हा त्यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. काम करायचं तर ते बायकांच्याच अंगावर का पडावं? शिवाय जळगावला आम्ही कुरडया केल्या त्या हौसेच्या, काकीचे रातांबे पोटाचे. या दोन्हींची एका दमात तुलना करणंही बरोबर नाही हे मला कळतं. काकीला मदत झाली ती दोन दिवसांची, पाऊस मात्र तिच्याकडे चार महिने राहणार होता. पण माणसं जवळ यायची असतील तर त्यांच्या मधे काहीतरी ठेवावं लागतं, निवडायला, सोलायला, उचलायला, वाहायला, यावर मी ठाम आहे. नुसत्या खुर्च्या ठेवून ते होत नाही.

धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. कार्यालय ठरलंय, जेवणाचं कंत्राट दिलंय, त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. जाऊ नोकरी करते, तिला सुट्ट्या मोजूनच मिळतात. पण हळदीचा कार्यक्रम घरी, आमच्या इमारतीच्या गच्चीवर करायचा आणि त्या दिवसाचा स्वयंपाक आपणच करायचा, एवढं मी जावेकडून कबूल करून घेतलंय. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक काम, पुरुषांनाही, आणि यादी फ्रिजवर लावायची. सांडगे-पापड दिवाळीच्या आधीच्या उन्हात उरकायचे. जळगावची मैत्रीण त्यासाठी मुद्दाम येणार आहे, स्वतःचा पितळी सोऱ्या घेऊन. काकीनं आगळाच्या बाटल्या पाठवल्यात, सोलकढीसाठी. कोठी नणंदेच्या मुलाकडे. त्यानं वही केलीय, रकाने आखलेत, आणि काल रात्री फोन करून विचारत होता की दीडशे माणसांना तूप किती लागतं. मी चार किलो म्हटलं, जाऊ सहा म्हणते, नणंद दोघींनाही वेड्यात काढते. त्यानं तिन्ही आकडे लिहून घेतलेत आणि आता तो आत्याला विचारणार आहे.